अकिलीस, कासव आणि न संपणारी बेरीज

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. आजचं कोडं नुसतं ऐकून सुटत नाही.

गोव्यातल्या मोरजी किनाऱ्याची वाळू डोळ्यांपुढे आणा. कासव ९० मीटर पुढे, मागून माणूस धावतोय. माणसाचा वेग सेकंदाला ५ मीटर, कासवाचा अर्धा मीटर. खरं कासव वाळूवर इतकं भरभर चालत नाही, पण हिशेब सोपा होतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात दक्षिण इटलीतल्या एलियाचा तत्त्ववेत्ता झेनो म्हणाला, ग्रीक कथांमधल्या अकिलीससारखा वीरही त्याला गाठणार नाही. कासव होतं तिथे तो पोचेपर्यंत ते पुढे सरकलेलं असतं, आणि हे दर वेळी.

तर मांडू या. ९० मीटरला १८ सेकंद. तेवढ्यात कासव ९ मीटर पुढे, त्याला १.८ सेकंद. मग ०.१८, मग ०.०१८. दोघांतलं अंतर सेकंदाला साडेचार मीटरनं घटतं, म्हणजे गाठ २० व्या सेकंदाला पडायला हवी. आता २० मधून एकेक टप्पा वजा करा: २ उरले, मग ०.२, मग ०.०२. पाच टप्प्यांत उरलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी होतो. कितीही बारीक फरक मागा, बेरीज २० च्या त्याहून जवळ जाते, पण २० ओलांडत नाही. टप्पे अनंत, वेळ मात्र २० सेकंद. आपल्याच किनाऱ्यानं खाली गेलं की केरळ. तिथले गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी पाव, पावाचा पाव, त्याचाही पाव ही बेरीज एक तृतीयांश होते, हे असंच उरलेला भाग मोजत दाखवलं. हे शाळेत शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

पण इथेच बरेच जण घसरतात. टप्पे लहान होत गेले की बेरीज आवरते, असं नाही. १८ सेकंद, मग त्याचा अर्धा, तिसरा, चौथा भाग असे टप्पे घ्या: १८, ९, ६, साडेचार. शेवटचे दोन मिळून साडेदहा, नऊहून जास्त. पुढचे चार मिळून पुन्हा नऊहून जास्त, त्यापुढचे आठही. ही बेरीज कुठेच थांबत नाही.

ज्याचा पाठलाग करताना टप्प्यांना नेमका असा वेळ लागेल, असं कासव असू शकतं का? असू शकतं. पहिल्या टप्प्यात ते सेकंदाला अडीच मीटर चालेल, दुसऱ्यात ३.३३, तिसऱ्यात ३.७५. वेग वाढत जाईल, पण ५ ला कधीच पोचणार नाही. माणसाहून कायम हळू, अंतर सतत घटतंय, तरी हे कासव कधीच हाती लागत नाही.