गिळणाऱ्याची ढेकर

कृष्णविवर म्हटलं की लोक विचारतात, ‘सगळं गिळतं ना? मग आपण शिल्लक कसे?’ आधी आकार बघू. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध बसलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं. पण ते सूर्याच्या जागी आणून ठेवलं, तर बुधाच्या कक्षेच्या आत आरामात मावेल. आकाशगंगा मात्र लाखभर प्रकाशवर्षं पसरलेली. जवळच्या चार ताऱ्यांना ते गरगरा फिरवतं. लांबच्यांना त्याची गंधवार्ताही नसते.

आणि तरीही २००० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड गोतावळ्याच्या, मधल्या फुगवट्यातले तारे जितके वेगाने सैरावैरा धावतात, तितकं तिथलं कृष्णविवर जड असतं. ओळखदेख नाही, पण हिशेब जुळतो!

हा हिशेब जुळतो कसा? उत्तर गिळण्यात नाही, ढेकर देण्यात आहे. वायू विवरात थेट पडत नाही. भोवती चकती होऊन फिरतो, घासला जातो, तापतो. पडणाऱ्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा ऊर्जा होऊन बाहेर येतो. सूर्यातल्या हायड्रोजनच्या बाबतीत हे प्रमाण एक टक्कासुद्धा नाही.

भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा पुंज आहे. त्यात कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला. २०१६मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांत त्या वायूला एक वाकडी कड दिसली, वाटीच्या काठासारखी. स्फोटाने पडलेली पोकळी? शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, लागणारी ऊर्जा पाहिली आणि ती शक्यता बाजूला ठेवली. २०२०मध्ये रेडिओ निरीक्षणं जोडली गेली. त्यांत आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीचीही होती. द्राक्षांच्या बागांमधून जाताना दिसणाऱ्या त्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या. वायू जिथे संपत होता, नेमका तिथेच रेडिओ-प्रकाश भरलेला निघाला. म्हणजे स्फोटच, पुंजाच्या मधल्या विवराच्या ढेकरीचा! पंधरा आकाशगंगा ओळीने मांडता येतील एवढी ती पोकळी.

असा वायू निवला की खाली बसतो, त्यातून तारे होतात. विवर अधूनमधून शेगडी पेटवतं आणि तो निवू देत नाही. मोठ्या, म्हाताऱ्या दीर्घिकांत नवे तारे फारसे का जन्मत नाहीत, याचं मला पटणारं कारण हेच.

पण हिशेब जुळण्याचं सगळं श्रेय विवराला द्यायला मी तयार नाही. फुगवटा आणि विवर दोघंही एकाच पातेल्यातलं जेवतात. वायू आला की तारेही वाढतात, विवरही. शिवाय दीर्घिका एकमेकींत मिसळतात, तेव्हा विवरंही मिसळतात. निम्मा हिशेब तिथेच जुळत असेल.

आणि २०२३मध्ये एक दीर्घिका सापडली, विश्वाच्या सुरुवातीच्या महास्फोटानंतर फक्त ४७ कोटी वर्षांनीची. आज आपल्या शेजारच्या दीर्घिकांत विवराचं वस्तुमान फुगवट्याच्या हजारात काही भाग असतं. तिथे विवर जवळजवळ सगळ्या ताऱ्यांच्या तोडीचं! अशा दीर्घिका असतील, असं खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्येच मांडलं होतं: वायूचा प्रचंड ढग तारे न बनवता सरळ कोसळतो आणि विवर आधीच थोराड जन्मतं. तारे मागून येतात.