राग आहे, पण मागणी काय?

मंडळी, नमस्कार. मला विषय दिलाय 'आजचं राजकारण आणि सामान्य नागरिक'. आता इंदूरच्या मराठी माणसाला राजकारणावर बोलायला भयंकर आवडतं, पण ते सकाळी पोहे-जलेबीच्या दुकानासमोर उभं राहून, असं खुर्चीत बसून दुसऱ्याचं ऐकायला नाही. (हशा) तर मी फार लांबण लावत नाही. मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे तो विषय ज्याच्या तासाला मुलं गणिताचा होमवर्क उरकतात, त्यामुळे कुणी ऐकत नसताना बोलायची मला सवय आहे.

एवढ्या मोठ्या विषयातली मी एकच गोष्ट घेते, राग. सगळ्यांना येतोय. सकाळी पेपर उघडला की येतो, रात्री टीव्हीवर सात-आठ जणं एकदम ओरडायला लागली की येतो, मुलाच्या भरतीची परीक्षा तिसऱ्यांदा पुढे ढकलली की येतो. हा राग खोटा नाही, त्याला कारणं आहेत. पण हा राग जातो कुठे? माझं म्हणणं असं की राग आपला असतो आणि तो वापरतात दुसरेच.

आपल्या गावचंच घ्या. 2024 ची लोकसभा. 29 एप्रिल, अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, आणि काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि तसाच जाऊन भाजपच्या गाडीत बसला. मतदान 13 मे ला होतं. म्हणजे पंचवीस लाखांवर मतदार असलेल्या मतदारसंघात दोन आठवडे आधीच लढत संपली. आपल्या भाजपच्या सुमित्राताई महाजन, आठ वेळा इथून निवडून आलेल्या, त्यांनीसुद्धा तेव्हा सांगितलं की हे व्हायला नको होतं. मी माझ्याच कॉलनीत अशी माणसं बघितली जी वर्षानुवर्षं कमळावर बटण दाबतात आणि त्या दिवशी म्हणत होती, अहो आम्ही मत देणारच होतो त्यांना, पण आम्हाला विचारायला तरी हवं होतं ना. मग काय झालं, तर इंदुरात नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नको' या बटणाला, 2,18,674 मतं पडली. याआधीचा देशातला रेकॉर्ड होता बिहारमधल्या गोपालगंजचा, 2019 चा, 51,660. आपण चौपट गेलो. जिंकलेल्या उमेदवाराला 12,26,751 मतं, म्हणजे जागा जाणारच नव्हती आणि हे माहीत असून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभी राहिली, फक्त 'नाही' म्हणायला. एक काच फुटली नाही, एक टायर जळला नाही, कुणाच्या आई-बहिणीचं नाव निघालं नाही. याहून शहाणा निषेध मला सांगा.

आणि उपयोग? शून्य. 2013 मधे सुप्रीम कोर्टाच्या निकालानं नोटाचं बटण आलं, पण आमदार-खासदारांच्या निवडणुकीत त्याची रचनाच अशी आहे की उद्या नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा जो उमेदवार तोच विजयी. आकडा दोन दिवस पेपरात आला, टीव्हीवाल्यांनी 'इंदौर ने रचा इतिहास' म्हटलं, जसं स्वच्छतेत पहिला नंबर आल्यावर म्हणतात तसंच, आणि विषय मिटला. ना त्या पक्षानं येऊन सांगितलं की आमचा उमेदवार का पळाला, ना दुसऱ्या पक्षानं सांगितलं की एवढी खात्री होती तर त्याला गाडीत घ्यायची गरज काय होती.

आता ही शांत माणसं बघा आणि त्यांच्याशेजारी रीगल चौराहा बघा. एकदा मी तिथे ऑटोची वाट बघत उभी होते, पुतळा जाळायचा कार्यक्रम होता. पक्ष सांगत नाही, कारण कुठलाही घाला, फरक पडत नाही. जुनी पँट, जुना शर्ट, आत गवत भरलेलं, तोंडाच्या जागी कलर प्रिंटआउट सेलोटेपनं चिकटवलेलं आणि ती टेप उन्हानं सुटत होती म्हणून एक मुलगा नेत्याचं तोंड हातानं दाबून धरून उभा. (हशा) वीस-पंचवीस पोरं, तेवढेच पोलीस, आणि सगळे थांबलेत कारण एका चॅनलचा कॅमेरा यायचा होता. कॅमेरा आला आणि एकदम सगळ्यांना राग आला. मुर्दाबाद, हाय हाय, मग पेट्रोलची बाटली निघाली, पोलीस धावले, पुतळ्याची ओढाताण, एक पाय हवालदाराच्या हातात, एक हात कार्यकर्त्याच्या हातात, शेवटी नुसती पँट हवालदाराकडे राहिली आणि शर्ट जळला. सगळं मिळून पाच मिनिटं. माझ्या शेजारी एक पोरगा हात झटकत दुसऱ्याला विचारत होता, "भिया, आज किसका था?" आणि दुसरा म्हणाला, "अपने को क्या, फोटो तो आ गई ना." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आली, तीन कॉलम!

मला त्या पोरांचा राग नाही आला, ती माझ्याच शाळेतली असतील. पण मी तिथे उभी राहून शोधत होते की यांची मागणी काय आहे? बॅनरवर नेत्याचे सात फोटो होते, खाली शुभेच्छुकांसारखी नावं होती, मागणी कुठेच नव्हती. तेव्हापासून मला ही सवयच लागलीय, कुठलाही मोर्चा दिसला की मी विचारते, मागणी काय? विचारून बघा, मजा येते. जिथे खरं दुःख असतं तिथे लगेच उत्तर मिळतं, भावांतराचे, म्हणजे शेतमालाच्या भावातल्या फरकाचे, पैसे अडकलेत, रिझल्ट लावा, विजेची डीपी जळालीय. जिथे नसतं तिथे तुमच्याकडे असं बघतात की ही बाई कुठल्या पार्टीची आहे.

2019 चा तो बॅटचा किस्सा आठवतो ना? 26 जून. जर्जर घर पाडायला नगर निगमची टीम आली होती आणि आपल्या शहराच्या एका आमदारानं कॅमेऱ्यांसमोर अधिकाऱ्याला क्रिकेटच्या बॅटनं मारलं आणि वर वाक्य टाकलं, पहले आवेदन, फिर निवेदन, फिर दनादन. लोकांनी हसून ते वाक्य पाठ केलं, स्टेटसला ठेवलं. आता बघा, तिथे एक खरा प्रश्न होता बरं का. पावसाळ्याच्या तोंडावर भाडेकरूला घराबाहेर काढलं तर तो जाणार कुठे, घर खरंच जर्जर आहे की नाही हे ठरवणार कोण. अगदी विचारण्यासारखे प्रश्न. ते बॅटीखाली गेले. पुढे पंतप्रधानांनी नाराजी दाखवली, केस चालली, ज्याला मारलं तो अधिकारीच म्हणाला की मी मारणाऱ्याला बघितलं नाही, आणि 2024 च्या सप्टेंबरमधे निर्दोष सुटका. त्या भाडेकरूचं काय झालं हे इथे कुणाला माहीत आहे? एकही हात नाही.

दिल्लीचं मी थोडक्यात सांगते कारण ते तुम्ही रोज बघता. 13 फेब्रुवारी 2014, तेलंगणाच्या बिलावरून लोकसभेत एका खासदारानं चक्क पेपर स्प्रे मारला, दोनच दिवस आधी काँग्रेसनं त्याला काढलं होतं. 2015 मधे आपल्या सुमित्राताईच लोकसभेच्या अध्यक्ष असताना 25 काँग्रेस खासदार पाच दिवसांसाठी निलंबित झाले, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं, आणि 2023 च्या डिसेंबरमधे दोन्ही सभागृहांचे मिळून 146 निलंबित झाले आणि त्याच रिकाम्या बाकांसमोर तीन नवे फौजदारी कायदे पास झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमधे, चांद्रयानावर चर्चा चालू होती हो, चांद्रयानावर, आणि भाजपच्या एका खासदारानं दुसऱ्या खासदाराला धर्मावरून अशा शिव्या दिल्या की त्या मी इथे उच्चारू शकत नाही. त्याचं लोकसभेचं तिकीट कापलं, म्हणून म्हटलं चला काहीतरी झालं, तर पुढे दिल्ली विधानसभेचं दिलं. सभागृहात असं बोलून चालतं म्हटल्यावर चौराह्यावरच्या पोरानं काय वेगळं करायचं?

आता जे बोलायला अवघड आहे ते. नुसता पुतळा जळतोय तोवर ठीक आहे, गवतच जळतं. पण गेल्या काही वर्षांत पुतळ्याच्या जागी माणसं आली. 2020 च्या एप्रिलमधे, कोरोनाच्या अगदी सुरुवातीला, आपल्याकडच्या टाटपट्टी बाखल या मुसलमान वस्तीत तपासणीला गेलेल्या डॉक्टरांच्या टीमवर लोकांनी दगड मारले, त्यात लेडी डॉक्टर होत्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी परत कामावर हजर. 2021 मधे बाणगंगेकडे बांगड्या विकणाऱ्या एका मुसलमान माणसाला भर रस्त्यात मारलं, व्हिडिओ काढला, वाटला. आपण काय केलं? ज्याला जो व्हिडिओ सोयीचा त्यानं तो फॉरवर्ड केला. पहिला आला तेव्हा एक ग्रुप पेटला, दुसरा आला तेव्हा दुसरा. दोन्हीला सारखंच वाईट म्हणणारा माणूस मी शोधत होते, मिळाले, पण ते ग्रुपवर बोलत नव्हते, मला वेगळा मेसेज करून सांगत होते.

या द्वेषाच्या मोर्च्यांना मागणी विचारा. "ते नकोत." बरं, नकोत म्हणजे काय करायचं? ते कुठे जाणार? बाखलमधली माणसं बाखलमधेच राहणार, आपण आपल्या कॉलनीतच राहणार, सराफ्यात रात्री दोघं एकाच ठेल्यावर भुट्टे का कीस खाणार. जी मागणी कुणीच पुरी करू शकत नाही ती मागणी नसतेच, तो धंदा असतो. आणि तो धंदा चालावा म्हणून तुमचा माझा राग लागतो, भरतीचा, महागाईचा, कोचिंगच्या फीचा. तुमच्या मुलाला नोकरी नाही याचा राग त्या बांगडीवाल्यावर निघाला की ज्यानं नोकरी द्यायची होती तो मोकळा.

कायदा नाही असं नाही. घटनेच्या 19 व्या कलमात शांततेनं आणि हत्याराशिवाय जमायचा हक्क दिलाय, 'शांततेनं' हा शब्द त्या हक्काच्या आतच आहे, बाहेरून चिकटवलेला नाही. आणि 28 एप्रिल 2023 ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना बजावलं की द्वेषाचं भाषण झालं तर तक्रारीची वाट बघू नका, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका, स्वतःहून केस नोंदवा, नाहीतर तो कोर्टाचा अवमान धरू. इतकं स्पष्ट. पण ठाण्यात आधी झेंड्याचा रंग बघतात, कलम नंतर शोधतात.

मग करायचं काय, गप्प बसायचं? अजिबात नाही. आपल्याच शहरातली हुकुमचंद मिल घ्या, कापडाची गिरणी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, हजारो मजूर रस्त्यावर, त्यात आपली मराठी घरंही होती. पगार अडकला, ग्रॅच्युइटी अडकली. ती माणसं दर रविवारी मिलच्या गेटवर जमायची. दर रविवारी! मिल बंद, भोंगा बंद, पण अनंत चतुर्दशीला झांकी, म्हणजे चित्ररथ, निघायची आणि रविवारी मीटिंग व्हायची. मी एकदा गेले होते. एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला रुमाल बांधलेला, प्लास्टिकच्या पिशवीत कोर्टाचे कागद, आणि त्यांना तारखा तोंडपाठ, आपले किती निघतात तो आकडा पैशापर्यंत पाठ. मी विचारलं, मागणी काय? म्हणाले, "हिशोब." एवढंच. कुणाला शिवी नाही, कुठल्या जातीधर्माचं नाव नाही, गेटवर हिंदू-मुसलमान एकाच सतरंजीवर. सरकारं बदलत गेली, हे बसूनच होते, आणि 2023 च्या डिसेंबरमधे त्यांचे 224 कोटी मंजूर होऊन हातात आले. जवळजवळ बत्तीस वर्षं लागली, त्यात कितीतरी जण गेले, पैसे विधवांच्या खात्यात जमा झाले. हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये, बत्तीस वर्षं लागणं ही शरमेची गोष्ट आहे. चॅनलचे कॅमेरे त्या रविवारांना कधी आले नाहीत, चेक वाटायच्या दिवशी मात्र सगळे आले.

आणि हीच माझी खरी तक्रार आहे. जो माणूस हिशोब मागतो त्याला बत्तीस वर्षं, जो नोटा दाबतो त्याला दोन दिवस, आणि जो पँटीत गवत भरतो त्याला दुसऱ्या दिवशी तीन कॉलम. मग पोरं काय शिकणार? माझ्या गल्लीतल्या तुंबलेल्या नाल्याची मी हेल्पलाइनवर तक्रार केली तर नाला साफ व्हायच्या आधी फोन आला, "आंटीजी, शिकायत क्लोज करवा दीजिए, ऊपर से प्रेशर है." मी म्हटलं बेटा, प्रेशर तर नाल्यात पण आहे. (हशा) क्लोज नाही केली. त्यानं रोज फोन केला, मी रोज तेच सांगितलं, शेवटी वैतागून त्यांनी नालाच साफ केला. आपल्या सगळ्यांकडे वेळ आहे, इथे अर्धे रिटायर्ड आहोत, आपण हे करू शकतो. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, दर महिन्याला एक लेखी प्रश्न, सही-शिक्क्याची पावती घेऊन. खासदाराला पण. ज्याला मत दिलं त्याला तर आधी, कारण दुसऱ्याच्या नेत्याला शिव्या द्यायला काही लागत नाही, आपल्या नेत्याला विचारायला हिंमत लागते. आणि घरचा मुलगा, भाचा, पुतण्या झेंडा घेऊन निघाला तर अडवू नका हो, फक्त दारातच विचारा, बाळा, मागणी काय आहे? सांगता आली तर पाण्याची बाटली द्या बरोबर.

माझं झालं. आता प्रश्न घ्या, पण भाषण नको, प्रश्न. ते मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसलेत, त्यांना माइक द्या आधी, आणि काका, नोटाला मी का झुकतं माप दिलं हे विचारणार असाल तर विचारा, मी तयार आहे.