मुगाला रानातच मोड

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मूग, उडीद, मटकी, तूर या कोरडवाहू कडधान्यांबद्दल आणि बदललेल्या पावसाबद्दल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढं पुन्हा सांगेनच. पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी पडला, यावर आता शेंग भरते की नाही ते ठरतं.

बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं माझी मावशी राहते. बालाघाटाचा माळ, हलकी जमीन, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. तिच्याकडं दरसाल मूग. पाऊस झाला की पेरायचा, 65-70 दिवसांत घरात, गौरी-गणपतीच्या खर्चाला पैसे हाताशी. एका साली पेरा वेळेवर झाला, पण नेमका फुलोऱ्यात पावसानं ओढ दिली. तीन आठवडे थेंब नाही. फुलं गळाली. उरलेल्या शेंगा काळ्या पडल्या, उद्या तोडायला बाया सांगितल्या, आणि रात्री जी झड लागली ती गौरी जेवल्या तरी उघडेना.

मी गौरीला गेलो, तर घरात पाय ठेवायला जागा नाही. ओल्या शेंगा पंख्याखाली, पलंगाखाली, जुन्या लुगड्यांवर, गौरींच्या मखरामागंसुद्धा. काकांनी एक शेंग उकलून दाखवली. आत दाणा टम्म फुगलेला आणि त्याला पांढराशुभ्र मोड. आपण भिजवून फडक्यात बांधतो तेव्हा येतो, अगदी तसाच. जाता जाता सांगतो, मोडाची मटकी कुकरला लावून तिचा गाळ करणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. असो.

उघडीप झाल्यावर वाळवून, बडवून जे निघालं ते पोत्यात भरून आम्ही आडतीवर नेलं. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर पसरले, फुंकर मारली. डागी माल, मोड वाळून बारीक शेपट्या झालेल्या. म्हणाला, "मावशी, मूग आणलाय का उसळ?" मावशी जागची हलली नाही. "उसळ म्हणून घ्या की शेठ. कांदा-लसूण माझ्याकडून." हमालसुद्धा हसले. शेठही हसला. भाव मात्र निम्म्याच्या आत लावला. हमीभावाच्या केंद्रावर 12 टक्क्यांवर ओलावा चालत नाही, डागी दाण्यालाही मर्यादा, त्यामुळं तिकडं जायची सोयच नव्हती.

काचेपलीकडून आमचे निर्माते घड्याळ दाखवताहेत, तेव्हा बाकीचं भराभर.

कपाशी उशिरा का होईना पुन्हा फुलते. मुगाला, उडदाला तेवढा अवकाशच नसतो. फुलोऱ्यात खंड पडला की दाणा गेला, काढणीत झड लागली की राहिलेलाही गेला. हवा तापली की बाष्प जास्त धरून ठेवते. मग मधले दिवस कोरडे जातात आणि पडतो तेव्हा कोसळतो. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात रानंच्या रानं पाण्याखाली. तुरीच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. त्यातून वाचली तरी फुलोऱ्यात आभाळ आलं, धुई पडली की फूलगळ आणि शेंगा पोखरणारी अळी. पुन्हा सांगतो, किती पडला ते नंतर विचारा, कधी पडला ते आधी विचारा. आम्ही इथून 'तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम' असं वाचतो. ते तुरळक ठिकाण तुमचाच बांध आहे का, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसतं!

तुरीला रुंद वरंबा सरी करा, म्हणजे रुंद उंच वाफा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सऱ्या, जादा पाणी निघून जातं आणि खंडात ओलही टिकते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन 711 हा तुरीचा वाण साधारण 150 ते 155 दिवसांत येतो, म्हणून हलक्या रानाला बरा. पेरणी लांबली तर मुगाचा हट्ट नको, मटकी किंवा हुलगा टाका. मटकीचा वेल जमिनीवर पसरून ओल झाकून धरतो. मावशीनं यंदा अर्ध्या रानात तीच टाकलीय.

आणि झडीत सापडलेल्या मुगाचं बी ठेवणार असाल, तर आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. 75 पेक्षा कमी उगवले तर ते बी पेरू नका. पुढच्या वेळी तुरीवरच्या अळीबद्दल बोलू. नमस्कार.