घर बघायला दुपारी चार वाजता जा

(दृश्य : नागपूर, मे महिना. ओस पडलेला रस्ता, गच्चीवरच्या काळ्या टाक्या.)

नागपुरात उन्हाळ्यात घर बघायला माणसं सकाळी निघतात, नाहीतर उन्हं उतरल्यावर. साहजिक आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना भरदुपारी कोण बाहेर पडेल? पण पहिलं घर घेणाऱ्यानं एक फेरी नेमकी तेव्हाच मारावी. टाइल्स, मॉड्युलर किचन, पार्किंग सकाळीही तसंच दिसतं. घर किती तापतं, ते दुपारी चार वाजताच कळतं.

(दृश्य : पश्चिमेच्या भिंतीवर टेकलेला तळहात.)

आत गेल्यावर पंखे लगेच लावू देऊ नका. पश्चिमेच्या भिंतीला आतल्या बाजूनं हात लावा, मग उत्तरेच्या भिंतीला. फरक तळहातालाच समजतो. शेवटचा मजला असेल तर स्टुलावर चढून स्लॅबलाही हात लावून बघा. काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि अंधार पडल्यावर ते खोलीत सोडत राहतं. म्हणून वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजताही पंख्याचा वारा गरम लागतो. अशा खोलीतला एसी आधी छताशी झुंजतो, माणसांना गारवा नंतर.

याला उपाय आहेत. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), ऊन परतवणारा पांढरा रंग, अगदी चुन्याचे दोन हात दिले तरी फरक पडतो. पण गच्ची सोसायटीची. घर विकणारे म्हणतील, “नंतर करून घ्या हो.” त्याआधी सेक्रेटरींना भेटा. परवानगी मिळेल का आणि खर्च कोण करणार, हे सौदा होण्याआधी विचारलं तर सरळ उत्तर मिळतं.

(दृश्य : खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवरचा कूलर, पॅडवरून ओघळणारं पाणी.)

विदर्भात आजही उन्हाळ्याचा खरा आधार कूलर. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेतं, एवढंच त्याचं तंत्र. इथली हवा कोरडी म्हणून ते जमतं. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर घाम काढतो. तेव्हा नागपुरातल्या फ्लॅटमध्ये कूलरची जागा एसीइतक्याच बारकाईनं बघा. खिडकीबाहेर स्टँड बसवू देतात का? समोरच्या बाजूला दुसरी खिडकी उघडते का? आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती ओल साचते. आणि पाणी. मोठा कूलर दिवसाला कित्येक बादल्या पाणी संपवतो. मे महिन्यात नळ किती वेळ असतो, हे शेजाऱ्यांना विचारा. बोअरचं पाणी जड असेल तर जुन्या पॅडवर पांढरा क्षार दिसेलच.

(दृश्य : मेकॅनिक आउटडोअर युनिटवरची पाटी पुसून वाचतोय.)

आता एसी. जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत “दोन एसीसह” असं लिहिलेलं असतं आणि घेणारा मनातल्या मनात तेवढे पैसे वाचले असं धरतो. सोबत एखादा एसी मेकॅनिक न्या. लाखो रुपयांच्या व्यवहारात त्याची मजुरी काहीच नाही.

एसी चालू करून वीस मिनिटं थांबा. इनडोअर युनिट वरून हवा ओढतं आणि खालून फेकतं. दोन्हीकडे थर्मामीटर धरला तर साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसायला हवा. मग आउटडोअर युनिटवरची पाटी वाचा. तिच्यावर किती टनाचा, कधी बनलेला आणि कोणता गॅस, हे सहसा मिळतं. आर-२२ लिहिलं असेल तर मशीन जुनं. हा गॅस ओझोनच्या थराला घातक आहे आणि २०३० पर्यंत भारतातून हद्दपार करायचं ठरलंय. अशा एसीची किंमत सौद्यात शून्य धरा.

मालकांना एक प्रश्न नक्की विचारा : गॅस शेवटचा कधी भरला? “दर उन्हाळ्यात भरतो” असं उत्तर आलं तर सावध व्हा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. दरवर्षी भरावा लागतो, म्हणजे कुठेतरी गळती आहे. तांब्याच्या नळीवर बर्फ धरलेला दिसला, तर गॅस तरी कमी आहे किंवा फिल्टर आणि कॉइल तरी तुंबलेत.

आउटडोअर युनिट कुठे टांगलंय, तेही बघा. अरुंद डक्टमध्ये असेल तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतं. पाचव्या मजल्याच्या उघड्या भिंतीवर असेल तर दुरुस्तीला येणारा पोरगा पट्ट्याशिवाय लोंबकळणार. त्याच्या जिवाचा विचार घर घेतानाच व्हायला हवा.

(दृश्य : मीटरची पेटी, हातात विजेचं बिल.)

जुन्या इमारतीत वायरिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दीड टनाच्या एसीला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. दिव्या-पंख्यांच्या लाइनवरच एसी जोडलेला असेल, तर एखाद्या मे महिन्यात ती वायर जळेल. बिलावरचा मंजूर भार, म्हणजे या घराला किती किलोवॅट मंजूर आहेत, तो वाचा. इलेक्ट्रिशियनकडून आर्थिंगही बघून घ्या, विशेषतः बाथरूममधल्या गीझरच्या पॉइंटचं.

नागपूरची थंडीही काही कमी नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो. २५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर पाणी चांगलं तापवायला अर्धा तास घेतो, म्हणून घरात शिरल्याबरोबर तो चालू करा. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो काढायचाच. गॅस जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, अंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते.

हे सगळं इसार देण्याआधी. घरात राहणार असलेल्या प्रत्येक एसीचं आणि गीझरचं मॉडेल आणि सीरियल नंबर करारनाम्याच्या यादीत लिहून घ्या, नाहीतर बघितलेला एसी वेगळा आणि ताब्यात आलेला वेगळा, असं होतं. ताबा घेण्याच्या दिवशी, सही करण्याआधी, सगळं पुन्हा एकदा चालवून बघा.