चपाती बंद करण्याआधी रक्त तपासा

नमस्कार मंडळी, मागे बसलेत त्यांना ऐकू येतंय ना? बरं. तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या, बहुतेकांनी एकच विचारलंय, चपाती खाल्ली की पोट फुगतं, मग मला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळं आतडं बिघडवणारा आजार, आहे का. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढं लिहिलंय की गहू बंद केलाय, आता बरं वाटतंय, टेस्ट करू का. हे उलटं झालं बघा.

पोट फुगणं, जुलाब, थकवा, डोकं जड होणं हे सिलिॲकमध्येही असतं आणि ग्लूटेन सेन्सिटिव्हिटीमध्येही, म्हणजे आजार नसून गहू नुसता सोसत नाही त्यातही, त्यामुळं नुसत्या त्रासावरून कुठल्याच डॉक्टरला ठामपणे सांगता येत नाही. खरा फरक आतड्यात आहे. सिलिॲक असलेल्या माणसानं गहू, सातू किंवा राय नावाचं परदेशी धान्य खाल्लं की त्यातल्या ग्लूटेनमुळं त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलवर सुताचे बारीक वेढे उभे असतात म्हणून तो पाणी टिपतो, झिजून सपाट झाला की पाणी नुसतं इकडून तिकडं फिरतं, आतड्याच्या अस्तराचं नेमकं तसंच होतं. मग लोह अंगी लागत नाही, कॅल्शियम लागत नाही. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, पोराची उंची अडकते, हाडं ठिसूळ होतात, आणि गंमत म्हणजे यातल्या कित्येकांना पोटाचा काहीच त्रास नसतो! म्हणून तर ते वर्षानुवर्षं सापडत नाहीत.

सेन्सिटिव्हिटीत त्रास होतो पण अस्तर असं सपाट होत नाही, आणि तिची म्हणून अशी एकही टेस्ट नाही. सिलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही, एवढं पक्कं झाल्यावर मग गहू काढून आणि परत देऊन बघायचं, बास. त्रास मनाचा खेळ आहे असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, त्रास होतोच, फक्त दोषी ग्लूटेनच असेल असं नाही. नॉर्वेत ५९ जणांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. सिलिॲक नसलेली पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेली ही माणसं. त्यांना आत काय आहे ते न सांगता वेगवेगळे बार खायला दिले, तर ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाच्या बारनं जास्त त्रास झाला. हे फ्रुक्टन गव्हात असतं, आणि कांद्या-लसणातही असतं. आता आपल्याकडं कांदा-लसणाशिवाय कालवण कोण करतं सांगा?

टेस्टचं बघू. रक्तात टीटीजी आयजीए नावाची अँटिबॉडी आणि त्यासोबत टोटल आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या एकूण अँटिबॉडी बघतात, कारण काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं आणि मग रिपोर्ट उगाच नॉर्मल येतो. टीटीजी वाढलेलं असेल तर मोठ्यांमध्ये सहसा दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन खात्री करतात. पण हे सगळं गहू खाण्यात असेल तरच. गहू बंद असेल तर अँटिबॉडी उतरतात, अस्तर भरून यायला लागतं आणि रिपोर्ट कोराच. म्हणून टेस्टच्या आधी किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळा गव्हाचं खाल्लेलं असावं लागतं. आणि इथंच आपल्या सोलापूर जिल्ह्याची मेख आहे, आपण पडलो ज्वारीवाले, दोन्ही वेळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी, चपाती कधी पाहुणे आले तर. असा माणूस म्हणतो मी तर सगळंच खातो, डॉक्टर टेस्ट करतो, नॉर्मल येते, आणि पुढं कोणी बघतच नाही. तेव्हा गहू किती खाता हे डॉक्टरांना आधी सांगा. आधीच बंद केला असेल तर मनानं परत सुरू करू नका, त्यांना विचारा. एचएलए नावाची जनुकाची टेस्ट गहू न खाताही करता येते, ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास नाहीच. पॉझिटिव्ह आली म्हणून मात्र घाबरू नका, ही जनुकं ३०-४० टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो.

निदान झालं तर मात्र सोलापूरकर नशीबवान. मालदांडी ज्वारीची भाकरी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हुरडा, सगळं चालतं. पण गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळलेला असतो, त्याच जात्यातून तुमची ज्वारी निघते, तेवढं गव्हाचं पीठ सिलिॲकवाल्याचं आतडं बिघडवायला पुरतं. घरघंटी घ्या, नाहीतर निदान पीठ वेगळं कुठं दळून मिळतं ते बघा. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, कुरडई बहुतेक गव्हाचीच, भाजणीतही गहू पडतो. आणि खपली! शुगरवाल्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की खपलीत ग्लूटेन नसतं. असतं हो, खपली गहूच आहे.

एका ताईंनी विचारलंय, सणाला एक पुरणपोळी चालेल का. सेन्सिटिव्हिटी असेल तर खा, सोसेल तेवढी, फार तर रात्री पोट धरून बसाल. सिलिॲक असेल तर अर्धीही नाही, त्रास झाला नाही तरी नाही. आणि तुमच्या सख्ख्या भावंडांची, मुलांचीही टेस्ट करून घ्या, त्यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.