तीनशे पाच आणि ३००५ : सहा कागदांचं साहित्य

तिसरी-चौथीच्या वर्गात 'तीनशे पाच लिहा' म्हटलं की दोन-चार वह्यांत हमखास ३००५ सापडतं. मूल तीनशे ऐकतं, ३०० लिहितं. पाच ऐकतं, पुढे ५ लिहितं. त्याच्या परीने हिशेब चोख आहे. त्याला वीस उदाहरणांची कार्यपत्रिका छापून दिलीत, तर तीच चूक वीस वेळा गिरवली जाते. त्याला हवी असतात एकावर एक ठेवायची कार्डं. ३०० च्या कार्डावर उजव्या कडेला ५ चं कार्ड ठेवलं की एककाचं शून्य झाकलं जातं आणि ३०५ दिसतं. दशकाचं शून्य उघडंच राहतं. ते का राहिलं, हा प्रश्न मग विचारता येतो.

मराठीत आणखी एक पेच आहे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी येतात, म्हणून काही मुलं २५ लिहितात. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' असं वाचन जोडीला दिलं, तेव्हा त्यावर विनोदच जास्त झाले. अडचण मात्र खरी होती. कार्डांनी संख्येचं नाव न बदलता ती सोडवता येते: 'बावन्न' म्हणा, मुलाला ५० वर २ ठेवू द्या.

आता बनवण्याकडे वळू. ए-फोर कागदावर सहा रकाने, सहा ओळींचा तक्ता करा. प्रत्येक चौकट ३ सेंमी रुंद, ४.५ सेंमी उंच. एका चौकटीत एकच अंक, मधोमध, साधारण ७२ पॉइंटचा. ३०० सलग टाइप करू नका. अंकांमधलं अंतर बदलतं आणि वरचं कार्ड शून्यावर नेमकं बसत नाही. शतकाचं कार्ड तीन चौकटींचं, दशकाचं दोन, एककाचं एक. म्हणजे एका कागदावर शतकाची १२, दशकाची १८ किंवा एककाची ३६ कार्डं. एका संचात १०० ते ९००, १० ते ९० आणि १ ते ९ अशी नऊ-नऊ कार्डं असतात. चार संचांना शतकाचे तीन, दशकाचे दोन, एककाचा एक, असे सहा कागद लागतात.

रंगीत छपाईवर पैसे घालवू नका. तीन फिक्या रंगांचे कार्डशीट आणा आणि काळ्या शाईतच छापा. कागद २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, म्हणजे जाडसर हवा. नेहमीच्या ७५ जीएसएमवर खालचं शून्य वरच्या कार्डातून दिसतं, आणि सगळा खेळच त्या झाकण्यावर आहे. लॅमिनेशनही नको: कार्ड कापून मग लॅमिनेट केलं तर कडेला प्लास्टिकची किनार राहते आणि अंक सरकतात.

झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेलीत तर त्याच्या संगणकावर फॉन्ट नसतो, तक्ता विस्कटतो. पीडीएफ न्या. छापताना 'फिट टू पेज' नव्हे, 'ॲक्च्युअल साइज' निवडायला सांगा आणि पहिल्या प्रतीवर पट्टी लावा: सहा चौकटी मिळून १८ सेंमी भरल्या पाहिजेत. तिन्ही रंगांचे कागद एकाच मशीनवर काढून घ्या. कापल्यावर प्रत्येक कार्डाचा उजवा वरचा कोपरा किंचित छाटा, म्हणजे कोपऱ्याला कोपरा जुळवायचा हे सांगावं लागत नाही.

वर्गात कार्डं मुलाच्याच हातात हवीत. गुरुजींनी किंवा बाईंनी मांडून दाखवलं की मुलं नुसती माना डोलावतात. एखादं मूल ५ चं कार्ड डावीकडे, ३ वर ठेवतं आणि ५०० होतात. लगेच दुरुस्त करू नका, 'वाच बरं' म्हणा. मग वरचं कार्ड उचलायला लावा. खाली ३०० दिसले की ते स्वतःच थबकतं.

कार्यपत्रिका त्यानंतरची. अर्ध्या पानावर सहाच संख्या, त्यांतल्या चार तरी दशकात शून्य असलेल्या. आधी श-द-ए अशा तीन चौकटी आखून द्या, पुढच्या पत्रिकेत चौकटी काढून टाका. चौकटीत बरोबर आणि चौकटीविना ३००५, असं झालं तर त्या मुलाला सगळा धडा पुन्हा नको; १०१ ते १०९, २०१ ते २०९ एवढ्याच संख्या कार्डांनी पुन्हा करून घ्या.