‘कोको’ने मेक्सिकोकडून काय घेतले आणि काय बदलून परत दिले

नमस्कार. संगणकावर तयार होणाऱ्या कौटुंबिक अ‍ॅनिमेशनपटांचा संस्कृतीवर प्रभाव पडतो, हे आपण सहज बोलून जातो. पण तो प्रभाव नेमका कुठल्या वाटेने शिरतो हे पाहायचे असेल, तर पिक्सारच्या २०१७ सालच्या ‘कोको’इतके बोलके उदाहरण मला तरी दुसरे सापडत नाही.

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी ‘दिया दे लोस मुएर्तोस’ हा मृतांच्या स्मरणाचा सण असतो. घरोघरी ‘ओफ्रेंदा’ मांडली जाते आणि तिच्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि झेंडूची फुले ठेवली जातात. झेंडू मूळचा तिकडचाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो नंतर आला.

या सणावर चित्रपट काढायचा ठरल्यावर पिक्सारची मालक कंपनी डिस्ने हिने मे २०१३ मध्ये अमेरिकेत थेट सणाच्या नावावरच ट्रेडमार्कसाठी अर्ज केले. लोक खवळले. व्यंगचित्रकार लालो अल्काराझ यांनी शहरावर चालून येणारा, सांगाड्याच्या रूपातला राक्षसी उंदीर काढला आणि काही दिवसांतच कंपनीने अर्ज मागे घेतले. पुढे याच अल्काराझ यांना, नाटककार ओक्तावियो सोलिस यांच्यासह, चित्रपटाचे सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. माझ्या मते, मेक्सिकोच्या अभ्यासदौऱ्यांनी दिले नाही ते पिक्सारला या भांडणाने दिले.

एक बारीकसा तपशील पाहा. चित्रपटातली आजी आधी हातात लाकडी पळी घेऊन धाक दाखवणार होती. सल्लागारांनी सांगितले की मेक्सिकन आजी पायातली चप्पल काढते, आणि पळीच्या जागी चप्पल आली. चप्पल दिसताच त्या घरांत वाढलेला प्रेक्षक पडद्यावरची आजी ओळखतो. वादनाच्या दृश्यांसाठीही गिटारवर छोटे कॅमेरे बसवून वादकांची बोटे टिपली गेली, त्यामुळे चित्रपटाचा छोटा नायक मिगेल याची बोटे तारांवर उगाच फिरत नाहीत. याहून मोठा बदल कथेत झाला होता. पहिल्या आराखड्यातला मुलगा आईच्या मृत्यूचे दुःख मागे टाकायला शिकत होता. पण हा सण गेलेल्यांना धरून ठेवण्याचा असल्यामुळे ती कथा त्याच्या मुळावरच येत होती, हे दिग्दर्शक ली उंक्रिच यांच्या लक्षात आले आणि ती बाजूला ठेवली गेली.

‘कोको’ मेक्सिकोत ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास महिनाभर आधी प्रदर्शित झाला आणि काही आठवड्यांतच तिथला तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला.

आता दुसरी बाजू. चित्रपटातले रंगीबेरंगी पंखवाले प्राणी, ‘आलेब्रिहे’, मृतांचे वाटाडे म्हणून वावरतात. प्रत्यक्षात ही कला १९३० च्या दशकात मेक्सिको सिटीतल्या कागदकामाच्या कारागिराने, पेद्रो लिनारेस यांनी, आजारपणात पडलेल्या स्वप्नावरून सुरू केली आणि पुढे ओआहाकाच्या सुतारांनी ती लाकडात उतरवली. मृतांच्या सणाशी तिचा मुळात संबंध नव्हता. तो पिक्सारने जोडला, आणि चित्रपटातूनच या सणाची ओळख झालेला बाहेरचा प्रेक्षक आता ही सांगड जुनी परंपरा समजतो. ओफ्रेंदेवर फोटो नसेल तर मृताला जिवंतांच्या जगाकडे येणारा पूल ओलांडता येत नाही, ही तपासनाक्याची गंमतही पटकथेचीच. सणामागचे स्मरणविधी फोटोग्राफीच्या कितीतरी आधीचे आहेत.

मिचोआकानमधल्या सांता फे दे ला लागुना या कुंभारांच्या गावातली एक वृद्धा म्हणजेच चित्रपटातली मिगेलची पणजी ‘मामा कोको’ (स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई), असा समज पसरला आणि तिला पाहायला पर्यटक येऊ लागले. पात्र कोणा एका व्यक्तीवर बेतलेले नाही, असे उंक्रिच यांनी स्पष्ट केले; तरीही २०२२ मध्ये ती वारली तेव्हा ‘खरी मामा कोको गेली’ अशाच बातम्या झळकल्या, कारण दिग्दर्शकाच्या खुलाशापेक्षा पडद्यावरचा सुरकुतलेला चेहरा लोकांना अधिक खरा वाटला होता.